खंडेनवमीनंतरचं टपाल

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळांसाठी वजनकाटे बनवणारी एक कंपनी आहे. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते, तेवीस वर्षं झाली. आमचे साहेब नव्या माणसाला माझी ओळख करून देताना म्हणतात, या आमच्या सर्व्हरच्या आई. लोक हसतात, मीही हसते. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, मुलुंडच्या घरात आई होती तीही दोन वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे हा विनोद मला जरा लागतो. पण ते साहेबांना कशाला सांगा.

सर्व्हर म्हणजे फार थोर प्रकरण नाही. कोपऱ्यातल्या थंड खोलीत एक लोखंडी सांगाडा, त्यात एक यंत्र आणि त्याची चोवीस तास घरघर. कंपनीची सगळी मेल त्यातून जाते-येते. येणारी मेल थेट त्याच्याकडे येते. जाणारी मात्र तो स्वतः पोचवत नाही. आमच्यासारख्या किरकोळ सर्व्हरने थेट पाठवलेलं पत्र मोठ्या मेल कंपन्या दारातूनच हाकलतात, नाहीतर स्पॅममध्ये फेकतात. म्हणून मधे एक नावाजलेली बाहेरची कंपनी ठेवावी लागते. आपण पत्र तिच्या हाती द्यायचं. ती म्हणते, घेतलं. पुढे दारोदार पोचवणं तिचं काम. तिने ‘घेतलं’ म्हटलं की आमचा सर्व्हर आपल्या नोंदींत लिहून टाकतो: पाठवलं. या एका शब्दावर मी माझ्या माणसांपेक्षा जास्त विश्वास ठेवला, आणि तेच सांगायला बसले आहे.

माझी एकच बहीण. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, शाळेत शिक्षिका होती. नवरा वारल्यावर बोरिवलीला एकटीच राहायची. मुलगी कॅनडात. मधे जंगलाचा डोंगर, त्याच्या या अंगाला मी आणि त्या अंगाला ती, पण जायचं म्हटलं की अर्ध्या शहराला वळसा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी दिवसभर मरोळला असायची, म्हणून शेवटचे चार महिने ताईने तिला आपल्याकडे नेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईला खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं होतं.

त्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. डॉक्टर येऊन गेले होते आणि आता जवळच्यांना बोलवा म्हणाले होते. नेमकी त्याच दुपारी आमच्या सर्व्हरची डिस्क गेली होती आणि मी जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरवत बसले होते. मी म्हटलं, निघालेच. मुंबईत ‘निघालेच’ म्हणणारा माणूस अजून खुर्चीतच असतो, हे सांगणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. आपण सगळे तसेच. दूध उतू जातंय तरी निघालेच, आंघोळ व्हायचीय तरी निघालेच. पाच वाजता ताईने परत फोन केला. मी म्हटलं, अगं निघालेच, खाली उतरतेय. मी खुर्चीतच होते. साडेपाचला तिसरा फोन आला तेव्हा मी म्हटलं, रिक्षात बसले. रिक्षात मी सव्वासहाला बसले. पोचले तेव्हा आईला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर भांडी आवरता आवरता ताई मला म्हणाली, ‘तुझ्या मशीनची मयत होईल ना, तेव्हा वेळेवर पोच. माझ्या दारात मी बोलावल्याशिवाय पाय ठेवू नकोस.’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता, आणि दोघी रडून मोकळ्या झालो असतो. मी आपलं म्हटलं, नाही तर नाही, आणि पदर खोचून निघून आले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ आमच्याकडे आईकडून आलेला.

दोन वर्षं अशी गेली. तिने माझा नंबर फोनमध्ये बंद करून ठेवला. तसंही तिला कमी ऐकू यायला लागलं होतं, कानातलं यंत्र ती लावत नसे, त्यामुळे फोनवर आमचं बोलणं कमी आणि ओरडणं जास्त व्हायचं. मी मुलुंडच्या घरात एकटीचा स्वयंपाक शिकले. अर्धी वाटी तांदूळ, दोन पोळ्या, एक मूठ भाजी. रविवारी आईची खोली झाडायची आणि दार लोटून घ्यायचं. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाले की सोमवार सकाळपर्यंत कधी कधी माझ्या तोंडून शब्द निघत नसे. सोमवारी वॉचमनला नमस्कार म्हणताना आवाज फाटका यायचा, तेव्हा लक्षात यायचं. मला ताईची आठवण यायची, फार यायची. पण बोलावल्याशिवाय जाणार कशी, आणि बोलावणं मागणार कोण.

यंदा नवरात्रात भाचीचा कॅनडाहून फोन आला. ती म्हणाली, मावशी, आईला मी इकडे आणतेय, कायमची. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी रात्रीचं विमान आहे. तुमचं जे काय असेल ते मिटवा गं, आई पुन्हा कधी परत येईलसं वाटत नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ताई गेली की या शहरात मला ‘अगं’ म्हणणारं कोणी उरणार नव्हतं.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण घोडं तिथेच पेंड खातं. आमच्या कंपनीत साहेबांच्या वडिलांपासूनचा रिवाज आहे. खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि पूजा झाली की बटण बंद. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. लेथ बंद, ड्रिल बंद, हिशोबाचे कॉम्प्युटर बंद आणि माझा सर्व्हरही बंद. वर्षातून एवढाच एक दिवस तो झोपतो. इतर कंपन्यांतले माझ्यासारखे लोक हे ऐकून कपाळाला हात लावतात, मेल सर्व्हर कोणी पूजेसाठी बंद करतं का म्हणून. आम्ही करतो. मीच त्याला कुंकू लावते, मीच बंद करते आणि दसऱ्याला सकाळी, सगळ्यांना सुट्टी असताना, मीच जाऊन चालू करते.

त्या दसऱ्यालाही गेले. वसाहतीत सामसूम, दारादारांवर तोरणं, कालच्या नारळाचं पाणी फरशीवर चिकट झालेलं. सर्व्हर चालू केला. दिवे हिरवे झाले. माझं वेगळं असं मेलचं खातं नाही, जन्मभराचा पत्ता ऑफिसचाच. तिथेच बसून मी ताईला पत्र लिहिलं. लिहिता लिहिता दोन तास गेले. शेवटी लिहिलं की आज सोनं वाटायचा दिवस आहे, मला तुझ्या हातून घ्यायचंय, नुसतं ‘ये’ म्हणून एक शब्द लिही, मी येते. बटण दाबलं. नोंदी उघडून पाहिलं, ताईचा पत्ता, समोर लिहिलेलं: पाठवलं. मी टेबलावर आपट्याचं एक पान ठेवलं होतं ते पर्समध्ये घातलं आणि बसने घरी आले.

उत्तर आलं नाही. दसऱ्याला नाही, शनिवारी नाही, रविवारी नाही. रविवारी मी चाळीस वेळा फोन पाहिला असेल. येणारी मेल येत होती, सिमेंटच्या जाहिराती येत होत्या, बँकेच्या येत होत्या. ताईचं मात्र काही नाही. आधी मला वाईट वाटलं, मग राग आला. संध्याकाळी मी आईच्या फोटोशी बोलायला लागले, तुझी थोरली बघ किती माजलीय म्हणून. एवढं खाली उतरून लिहिलं, तरी हिला एक शब्द जड झाला. त्या रात्री मी जेवले नाही आणि ठरवून टाकलं, जाऊ दे तिला. कॅनडात जाऊ दे नाहीतर चंद्रावर.

सोमवारी ऑफिसात विक्री विभागातले गृहस्थ माझ्या खोलीत आले. ते माझ्याच वयाचे, सभ्य, जरा भित्रे. त्यांनी सांगितलं की नाशिकचं गिऱ्हाईक कोटेशन मिळालं नाही म्हणतंय, पुण्याचंही. मी नोंदी उघडून दाखवल्या. हे बघा नाशिक, पाठवलं. हे बघा पुणं, पाठवलं. रांगेत एकही पत्र अडकलेलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, मला एखादी मेल पाठवून बघता का, माझ्या घरच्या पत्त्यावर. मी फाडकन म्हटलं की तेवीस वर्षं मी हेच करतेय, तिकडच्या लोकांना त्यांचं स्पॅम बघायला सांगा. बिचारे निघून गेले. माझा राग ताईवर होता, निघाला त्यांच्यावर.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ताईची मेल आली. मी ती इतक्या वेळा वाचली आहे की पाठ झाली:

‘लेकीने तुला सगळं सांगितलं म्हणे. दसरा गेला, तुझी एक ओळ आली नाही. वाट बघितली. आज सहाला टॅक्सी येईल. मुलुंडची किल्ली शेजारणीकडे ठेवून जातेय, सवडीने घेऊन जा.’

ती किल्ली म्हणजे आमच्या घराची दुसरी किल्ली. ताई लग्न होऊन गेली तेव्हा आईने तिच्या हातात दिली होती, माहेरचं दार तुला वाजवायला लागू नये म्हणून. इतकी भांडणं झाली, पण ती किल्ली ताईने कधी परत केली नव्हती.

पहिल्यांदा मी चिडलेच. एक ओळ नाही म्हणजे काय, दोन पानं लिहिली होती. ही खोटं बोलतेय, असंसुद्धा मनात आलं. मग मेल परत वाचली. ताई भांडेल, टोचून बोलेल, पण वाट बघितली असं खोटं ती लिहिणार नाही. तिला तो शब्द लिहितानाच किती जड गेलं असेल. म्हणजे पत्र गेलं नव्हतं. नाशिकचंही गेलं नव्हतं, पुण्याचंही नाही. आणि मी त्या गृहस्थांना अक्कल शिकवली होती.

जे सोमवारी करायचं ते मंगळवारी केलं. विक्रीवाल्या गृहस्थांना माझ्याशेजारी बसवलं आणि त्यांच्या घरच्या पत्त्यावर मेल पाठवली. नोंद उमटली: पाठवलं. त्यांचा फोन टेबलावर गप्प. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रांग रिकामी, चूक कुठेच नाही, बाहेरची कंपनी प्रत्येक पत्राला ‘घेतलं’ म्हणत होती. म्हणजे आमच्या हातातून पत्र सुटत होतं आणि तिच्या हातातून पुढे जात नव्हतं. मग मी त्या कंपनीचं आमचं खातं उघडलं, दिवसाला किती पत्रं पोचवली हे तिथे दिसतं. बुधवारपर्यंत रोजचे आकडे होते. खंडेनवमीपासून शून्य.

तिच्या दप्तरी आमची पत्रं आलीच नव्हती, मग ‘घेतलं’ कोण म्हणत होतं? मी परत आमच्या नोंदींत गेले आणि या वेळी ‘पाठवलं’च्या अलीकडचं वाचलं, सर्व्हर कुठल्या खात्याने आत शिरतोय ते. ते आमचं खातं नव्हतं. म्हणजे आमचंच, पण चाचणीचं.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत ही बाहेरची कंपनी नव्याने लावली तेव्हा त्यांनी आधी एक चाचणीचं खातं दिलं होतं. त्याचं काम एवढंच, की जे पत्र द्याल ते घ्यायचं, ‘घेतलं’ म्हणायचं आणि पुढे कोणालाही न पाठवता आपल्यापाशी ठेवून द्यायचं. सराव करताना चुकून गिऱ्हाइकाला काही जाऊ नये म्हणून. माझा सराव झाल्यावर मी खरं खातं लावलं, पण ते चालत्या सर्व्हरला लावलं. सर्व्हर चालू होताना जी फाइल वाचतो, तिच्यात लिहायचं राहिलं. वर्षभर तो बंदच झाला नाही, म्हणून वर्षभर सगळं झकास चाललं. खंडेनवमीला मी कुंकू लावून त्याला झोपवलं, दसऱ्याला उठवलं, आणि त्याने उठून फाइलीत जे होतं ते वाचलं. बिचाऱ्याचा काय दोष. काखेत कळसा आणि मी पाच दिवस ताईच्या नावाने गावाला वळसा घालत होते.

दुरुस्ती पाव तासाची होती. फाइलीत खरं खातं लिहिलं, सर्व्हर बंद करून परत चालू केला, कारण आता मला त्याच्या झोपेतून उठण्यावरच विश्वास ठेवायचा होता. परत मेल पाठवली. त्या गृहस्थांचा फोन वाजला. ते इतके खूश झाले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी त्यांची माफी मागितली.

मग चाचणीचं खातं उघडलं. तीनशेच्या वर पत्रं तिथे एकाखाली एक पडून होती. कोटेशनं, काट्यांची प्रमाणपत्रं, कोणाचा रजेचा अर्ज, आणि सगळ्यांच्या वर, दसऱ्याच्या सकाळचं, माझं. मी ते उघडलं. आपलं पत्र आपणच चार दिवसांनी वाचू नये. दोन पानांतलं दीड पान डिस्कचं होतं. डिस्क कशी गेली, ती अर्ध्यात सोडली असती तर कंपनीचं दहा वर्षांचं टपाल कसं बुडालं असतं, माझ्याशिवाय तिथे दुसरं कोणीच कसं नव्हतं. चुकले हा शब्द एकदाच होता, तोही ‘चुकले असेन’ असा. मी ताईला पत्र लिहिलंच नव्हतं, सर्व्हरची वकिली केली होती. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही, हे तिच्यावर उपकारच झाले. मी ते पुसून टाकलं.

दुपारचे दोन वाजले होते. तेवढ्यात साहेब आले. त्यांना बातमी लागली होती. ते चिडले नाहीत, माणूस बरा आहे. म्हणाले की अडकलेल्या मेल आजच सोडा, प्रमाणपत्रांवाचून तीन ठिकाणी माल अडलाय. मी सांगितलं की मला बोरिवलीला जायचंय, बहीण चाललीय. ते म्हणाले, जा ना, जरूर जा, फक्त एवढं उरकून जा, दोन तासांचं तर काम.

दोन तासांचंच होतं. दोन अधिक दोन चार, चारला निघून साडेपाचला पोचता आलं असतं. माझ्या तोंडून शब्द निघालाही: करतेच. ‘निघालेच’ची सख्खी बहीण. मी खुर्चीत बसले, पहिलं प्रमाणपत्र सोडलं, दुसरं सोडलं, तिसऱ्यावर हात थांबला. ही तीच खुर्ची होती. त्या दिवशीसुद्धा मी हिशोबच केला होता, आणि तो बरोबरच होता. मला इतकी भीती वाटली की मी उभीच राहिले.

साहेबांना म्हटलं, ‘सर्व्हर चालू आहे. नव्या मेल जातील. अडकलेल्या उद्या सोडीन. आज मी थांबणार नाही.’

ते काहीतरी म्हणाले, मी ऐकायला थांबले नाही. मी रागीट आहे, पण नोकरीत कधी अशी निघून गेलेली नव्हते. खाली उतरले.

हायवेपर्यंत रिक्षा आणि पुढे मेट्रो. मेट्रोत गार वाटत होतं तरी मला घाम फुटलेला. भाचीला फोन लावावा असं दोनदा मनात आलं, आईला कळव मावशी येतेय. नाही लावला. येतेय हा शब्द मी आता कोणाला देणार नव्हते. मागाठाण्याला उतरले, ताईच्या बिल्डिंगपाशी आले. दोन वर्षांत फाटकाचा रंग बदलला होता. बोलावणं नव्हतंच. पण मी जिना चढायला लागले. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा धाप लागून बोलायची सोय नव्हती.

ताईचं दार उघडंच होतं, जाणाऱ्या माणसाच्या घराचं असतं तसं. हॉलमध्ये दोन बॅगा, सोफ्यावर जुन्या चादरी टाकलेल्या. ती पाठमोरी बसून बॅगेला दोरी बांधत होती. मी हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. मी पुढे जाऊन तिच्या समोर उभी राहिले. तिने वर पाहिलं. किती वाळली होती. ती म्हणाली, ‘बसणार आहेस, की मशीन खाली रिक्षात ठेवून आलीयस?’

मी जमिनीवरच बसले. पत्र लिहिलं होतं, ते अडकलं, सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की परत तेच, डिस्कचं. मग मी म्हटलं, चुकले. तिने कानामागे हात धरला. मी मोठ्याने म्हटलं, चुकले. तिने मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. शेजारणीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी छप्पन्न वर्षांची बाई, तिसऱ्या मजल्यावर बसून ओरडले, ‘ताई, मी चुकले. मी खोटं बोलले. मी निघालेच नव्हते.’

‘हळू बोल,’ ती म्हणाली. ‘पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.’

मग तिने चहा टाकला. दोनच कप बाहेर ठेवलेले होते, बाकी भांडी बांधून झाली होती. चहा पिताना आम्ही काहीबाही बोललो. कॅनडातली थंडी, तिच्या गुडघ्यांसाठी घेतलेले मोजे, मुलुंडच्या नळाचं गळणं. मी पर्समधून आपट्याचं पान काढून दिलं. ते सुकून दुमडलं होतं. तिने ते पासपोर्टच्या पानात ठेवलं. कपबश्या विसळायला उठताना ती सिंककडे तोंड करून बोलायला लागली, मला ऐकू जावं म्हणून की जाऊ नये म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

‘आई सारखी विचारत होती, ती पोचली का. दोनदा मी म्हटलं, निघालीय. तू सांगितलंस तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, नुसते ओठ हलले. मी म्हटलं, आली गं, जिना चढतेय. तिने दाराकडे मान वळवली. ती दाराकडे बघतच गेली.’ तिने नळ बंद केला. ‘तू आली नाहीस त्याचं एवढं नाही. मी आईशी शेवटचं बोलले ते खोटं होतं, आणि ते तुझं होतं.’

मी उठून तिला मागून धरलं. तिच्या खांद्याची हाडं लागत होती. ती रडली नाही, मी रडले, आणि ती ओल्या हाताने माझ्या मनगटावर थोपटत राहिली. तो जिना मी त्या दिवशी चढायचा होता. चढले दोन वर्षांनी, आणि वरून बघणारं त्या दारात आता कोणी नव्हतं.

टॅक्सी सहाच्या आधीच आली. बॅगा खाली नेल्या. विमानतळावर ये म्हणाली नाही, मीही विचारलं नाही, विमानतळ माझ्या ऑफिसच्या शेजारी असूनही. टेबलावर एक पाकीट होतं, वर माझं नाव लिहिलेलं. आत किल्ली होती हे बाहेरूनच कळत होतं. मी ते घ्यायला हात पुढे केला तर तिने माझ्या आधी उचललं, फाडलं, किल्ली आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन लावली. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, ‘पोचलीस की कळव.’

कॅनडाला ती निघाली होती आणि मुलुंडला जाणाऱ्या मला सांगत होती. आईचं वाक्य ते. आम्ही कुठूनही कुठेही निघालो की आई म्हणायची, आणि मी वाटेतूनच कळवून टाकायची, पोचले म्हणून, पुन्हा विचारायला नको.

बोरिवलीहून मुलुंडला यायला बसने दोन तास लागले, घोडबंदर रस्ता तुंबलेला होता. ऐरोली नाक्यावर फोन हातात घेतला होता, घर आता दहा मिनिटांवरच होतं. परत पर्समध्ये ठेवला. घरी आले. कुलूप उघडलं, चप्पल काढली, आईच्या फोटोसमोर दिवा लावला. मग ताईला मेल लिहिली: पोचले.

पाठवल्याची खूण उमटली. तिच्याकडे मी पाहिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन अर्धी वाटी तांदूळ धुतले, कुकर लावला आणि फोन ओट्यावर ठेवून उभी राहिले. तिसऱ्या शिटीपर्यंत उत्तर आलं नव्हतं. विमानात बसली असेल.